उसनं मडगार्ड आणि एक ओलं फडकं

खंडेनवमीला मी स्वतःची मस्त फजिती करून घेतली. आमच्या चेन्नईतल्या, वेलचेरीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, भर सकाळी, आणि तीही दुसऱ्याकडून उसन्या आणलेल्या वस्तूवर...

आधी थोडं सांगते. मी अंबत्तूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशीही मला गाड्याच लागतात. दोन वर्षांपूर्वी एक जुनी गाडी घेतली, माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिच्या पुढच्या उजव्या मडगार्डची गंजून पार चाळण झाली होती आणि नवीन कुठे म्हणजे कुठे मिळेना.

मग ठरवलं, घरीच फायबरग्लासचं करायचं. त्यासाठी आधी चांगल्या मडगार्डवरून साचा काढावा लागतो... आणि असं मडगार्ड होतं फक्त राव मामांकडे.

राव मामा, जुन्या गाड्यांच्या नादातून ओळख झालेले, नुंगंबाक्कमला राहतात. मूळचे तंजावरकडचे मराठी, त्यामुळे शब्द मराठी आणि सूर तमिळ, ऐकतच राहावं असं बोलतात. त्यांच्या वडिलांनी घेतलेली अगदी तशीच गाडी ते अजून चालवतात. दर रविवारी संध्याकाळी मामींना घेऊन बीचपर्यंत एक फेरी, कधी चुकत नाही.

मी मागितलं आणि मामांनी लगेच मडगार्ड खोलून दिलं! फक्त म्हणाले, "रविवारी सकाळी परत पाहिजे मा. मामी वाट पाहील."

आता साचा मूळ पत्र्याला चिकटू नये म्हणून आधी वॅक्सचे हात द्यायचे असतात. मी आठ दिले, प्रत्येक वेळी वाळू देऊन, पुसून. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या द्रावणाचा एक पातळ थर. तो दिला की मडगार्डला बोटसुद्धा लावायचं नाही. थर वाळत ठेवून मी खाली चहा प्यायला गेले.

इकडे आमच्या सासूबाई सांगलीहून नवरात्रासाठी आलेल्या. चेन्नईत त्या दिवशी आयुधपूजा, ऑटोपासून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू... आईंना काय उत्साह! त्यांनी माझं ड्रिल पुजलं, ग्राइंडर पुजला, आणि गच्चीवर जाऊन मडगार्डवरही चंदनाची तीन बोटं ओढून मध्ये ठसठशीत कुंकू लावलं. वर झेंडूचं फूल.

मी वर येऊन बघते तर हे! आईंना बिचाऱ्यांना काय बोलणार... "छान झाली पूजा" म्हटलं. त्या खाली गेल्यावर ओलं फडकं घेतलं आणि खसाखसा पुसून काढलं.

पाण्यात विरघळणारा थर. आणि ओलं फडकं. इंजिनिअर म्हणे मी!

तेव्हा डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. वर जेलकोट म्हणजे साच्याचा पहिला गुळगुळीत थर लावला, काचेच्या तंतूंची मॅट अंथरली, ती घट्ट करणारं रेझिन चोपडलं. त्या वासाने शेजारणींनी दोरीवरचे कपडे भराभर उचलून नेले, ते वेगळंच.

शनिवारी सकाळी साचा सोडवायला घेतला. कडा झकास सुटल्या... पण मधला भाग हलेना. बरोबर जिथे मी पुसलं होतं तिथे! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

जोर लावावा तर मामांचा पत्रा वाकणार, साचा कापावा तर कटर पत्र्याला लागणार. माझा नवरा निखिल म्हणाला, "सरळ फोन करून सांग त्यांना." मी आधी त्याच्यावरच खेकसले. मग केला फोन, रडत रडत.

मामा तासाभरात हजर. नेसायला पांढरी वेष्टी, हातात लाकडी हातोडी. "परवाइल्लै, काही हरकत नाही, होते असं," म्हणाले आणि थेट जमिनीवर बसले. फटीत लाकडी पाचरी बसवल्या आणि आत उरलेला थर विरघळावा म्हणून आईंना तांब्याने पाणी ओतायला सांगितलं. आई ओततायत, निखिल साचा धरून बसलाय, मी पाचर धरून देवाचं नाव घेतेय आणि मामा हलक्या हाताने ठोकतायत.

बऱ्याच वेळाने टक्क करून आवाज आला. सुटला!

जीव भांड्यात पडला... पण क्षणभरच. पत्रा शाबूत होता, मात्र तळहाताएवढा काळा रंग उखडून साच्याला चिकटून आला होता. मी आपली "सॉरी मामा, आजच्या आज रंगवून देते" असं बडबडत सुटले.

मामांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. काळ्या रंगाखाली फिकट, पिस्त्यासारखा हिरवा रंग दिसत होता.

"हा अप्पांचा रंग," ते म्हणाले. वडिलांनी गाडी घेतली तेव्हा ती हिरवी होती, काळी नंतर केली. घरातले सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाईट, त्यामुळे नक्की कुठला हिरवा ते आता घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. मी ब्रशला हात घातला तर माझ्यावरच डाफरले, "हात लावू नको!" आणि मडगार्ड पोटाशी धरून ऑटोत बसले.

रविवारी संध्याकाळी मामींचा फोन आला. त्या लग्न होऊन सासरी आल्या त्या याच हिरव्या गाडीतून. मडगार्ड बसवून झालं, दोघं गाडीत बसले, आणि बीचवर जाणं राहूनच गेलं... दारातच गाडीत बसून त्या दिवसाच्या गप्पा मारत राहिले. आता अख्खी गाडी त्याच रंगात करून घेणार आहेत. "थँक्स मा," म्हणाल्या.

चूक माझी, नुकसान त्यांचं आणि थँक्स मला! अशी माणसं आपल्या वाट्याला आली ना, की वाटतं... बाई, तुझं नशीब खरंच जोरावर आहे.