टोपीवाला टेप

हमिदाभाबींचा आवाज असा, की होडी अजून खाडीच्या तोंडाशी असायची आणि भाबी वाटेवरूनच बांगड्याच्या भावाची घासाघीस सुरू करायच्या. नाटे गावात त्यांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. अशा बाईची टेपरेकॉर्डरपुढे वाचा बसली, हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण मी शेजारीण, मध्ये फक्त कमरेएवढा दगडी गडगा. सगळं डोळ्यांनी पाहिलं.

गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. भाबींचा नवरा अली कुवेतला होता. त्याला वाचता येत नसे. भाबींचं पत्र खोलीतला कुणीतरी मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे चवीने ऐकायचे. त्यामुळे पत्रात काय, तर सगळे खुशाल, आंब्याला मोहोर बरा. दोन वर्षं नवरा-बायकोचा हाच संसार चालला होता! शेवटी चुलतभाऊ गुलाम रसूल सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर अलीने टेप आणि एक कोरी कॅसेट धाडली. निरोप होता, "दोन्ही बाजू भरून बोल. कानाशी धरून मी एकटा ऐकेन." ईद झाली की गुलाम रसूल परत जाणार होता.

लाल बटण दाबलं की भाबी ताठ. पहिल्या दिवशी नुसत्या खाकरल्या. दुसऱ्या दिवशी सलाम केला, तोही मुकाट्याने, हात उचलून.

"अख्खा तास काय बोलू गो गोदा?" त्या रडकुंडीला आल्या. "माणूस दिसत नाय, नुसती चकरी फिरते."

"तासाचं राहू द्या. आज एकच वाक्य बोला."

"कोणाशी?"

भाबी आत गेल्या, खुंटीवरची अलीची जुनी जाळीची टोपी आणली आणि टेपच्या डोक्यावर घातली. जरा तिरकी, कारण अली तिरकीच घालायचा. मागे सरकून न्याहाळलं, बटण दाबलं आणि कडाडल्या, "कौलं न परतताच कसे गेलात हो तुम्ही?"

लगेच बंद. त्या आनंदात मला चहा मिळाला.

मग नेमच झाला. कॅसेट भरायचं नाव काढायचं नाही. रोज टोपीला एक गोष्ट सुनवायची, बस्स. एक दिवस कौलं, एक दिवस बकरी, एक दिवस नणंद लग्नात काय बोलली ते. पुढे एका गोष्टीतून दुसरी निघायला लागली. टोपी जेवायला शेजारी बसू लागली. तिच्यावर कावळा बसला, तर भाबी झाडू घेऊन धावल्या. सासू अजराबी येता-जाता टेपकडे बघून हळहळायच्या, "बारीक झालाय गो माझा अली."

ईदेच्या आदल्या दिवशी दुसऱ्या बाजूची थोडीशी फीत उरली आणि भाबींची भांडणं संपली. त्यांनी टोपी सरळ केली, पुन्हा तिरकी केली. मग इतक्या हळू बोलल्या, की मला गडग्यावरून वाकावं लागलं.

"तांदूळ घेताना तुमच्या वाटणीची मूठ अजून पडतेच हो."

खट्. फीत संपली. मला भरून आलं आणि भाबींचा रागही आला. एवढंच सांगायला बाईने कौलांपासून सुरुवात केली होती!

दोन-तीन महिन्यांनी अलीची कॅसेट आली. भाबींनी मला हाक मारली. आधी पंख्याची घरघर. मग खाकरणं. मग "हमिदा..." आणि पुन्हा पंखा. उलटून लावली, तर दुसऱ्या बाजूलाही पंखाच. अगदी शेवटी एक "बरं".

"लय बोलला," अजराबी डोळे पुसत म्हणाल्या.

भाबी हसत सुटल्या. हसता हसता उठल्या, पेटीतून लग्नातली हिरवी ओढणी काढली, कुवेतला निघालेल्या पुढच्या माणसासाठी पुडकं बांधलं आणि सोबत निरोप दिला, "मशीनला गुंडाळा. आणि एकच वाक्य बोला."