पिठ्याचे मागचे दार

सेवेतील बरीच प्रकरणे आता आठवणीत एकमेकांत मिसळली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या घरातला, हे सांगण्यापूर्वी मला क्षणभर थांबावे लागते. रावपुऱ्यातील एका बाटलीच्या प्रकरणाबाबत तसे होत नाही. त्यात रक्त सांडले नाही की कोणी फरार झाले नाही. तरीही त्यातील प्रत्येक चेहरा मला आज स्पष्ट दिसतो.

मी तेव्हा बडोद्यातील एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. गुजरातबाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगतो. आमच्या राज्यात दारूबंदी आहे आणि सरकारी परवाना नसताना घरात भरलेली बाटली सापडली, तर तो गुन्हा ठरतो. मात्र संस्थानी काळात याच शहरात दारूचे पिठे उघडपणे चालत. बंदी आली आणि ते गेले. कोणाचे गोदाम झाले, कोणाचे दवाखाने, कोणाची राहती घरे. त्या गेलेल्या पिठ्यांच्या जागा शोधून दर रविवारी सकाळी लोकांना पायी हिंडवून दाखवणारे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ रावपुऱ्यात राहत. त्यांचे स्वतःचे घरही एके काळी पिठाच होते. त्यांच्या वडिलांनी बंदीनंतर ते विकत घेतले होते.

एका शुक्रवारी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. ड्युटीवरचा शिपाई जेवायला गेल्यामुळे मीच तो उचलला. पलीकडचा माणूस शुद्ध आणि संथ गुजरातीत बोलत होता. रावपुऱ्यातील त्या घराचा पत्ता देऊन त्याने सांगितले की बाहेरच्या खोलीत काचेचे कपाट आहे, त्याच्या खालच्या फळीवर जुन्या रिकाम्या बाटल्यांची रांग आहे आणि त्या रांगेच्या मागे एक भरलेली बाटली आहे. गिऱ्हाइके मागच्या गल्लीतल्या दाराने येतात-जातात, असेही तो म्हणाला. नाव विचारताच फोन बंद झाला. पुढे तपासात एवढेच कळले की तो एका झेरॉक्सच्या दुकानातून केला होता. दुकानदाराला कोणी आठवत नव्हते.

छाप्याचा साधा नियम असा की पुढून आत जाण्याआधी मागची वाट बंद करावी. मी जमादारांना एका शिपायासह मागच्या गल्लीत पाठवले आणि पंचांना घेऊन पुढे थांबलो. थोड्याच वेळात जमादार परत आले.

“साहेब, पाछळ तो बारणुंज नथी,” ते म्हणाले. “दारच नाही, नुसती भिंत आहे. उभे कुठे राहू?”

मी स्वतः जाऊन पाहिले. गल्लीच्या बाजूने सलग, गिलावा केलेली, रंग उडालेली भिंत होती. दार नव्हते, खिडकीही नव्हती. खबर खोटी असावी असे वाटून आम्ही पुढून आत गेलो. बाटली मात्र सांगितल्या फळीवर, सांगितल्या रांगेच्या मागे मिळाली. सीलबंद आणि नवी.

गृहस्थ खुर्चीत बसूनच राहिले. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“साहेब, हे दारूबद्दल बोलतात फार, हे मी कबूल करते,” त्या म्हणाल्या. “पण पीत नाहीत हो. चहासुद्धा बशीत ओतून, फुंकून फुंकून पितात.”

“काकू, बोलण्यावर बंदी नाही,” मी म्हणालो. “बाटलीवर आहे.”

गृहस्थांना ठाण्यात आणले. वैद्यकीय तपासणीत मद्यप्राशन आढळले नाही, पण ताब्यात बाटली मिळाल्याचा आरोप त्याने पुसला जात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना न्यायालयात हजर करायचे होते. ज्या शहराच्या शाळांनी त्यांना पाहुणे म्हणून बोलावले, त्याच शहरात ते पोलिसांच्या गाडीतून उतरणार होते. त्यांचा जबाब मी स्वतः घेतला.

“बाटली तुमची?”

“नाही.”

“मग तिथे कोणी ठेवली?”

“साहेब, माझ्याकडे रोज माणसं येतात. कपाट उघडून बघतात. मीच बघा म्हणतो.”

“कोणावर संशय?”

“कोणावर घेऊ? माझा मत्सर करावा असं माझ्याकडे आहे काय?”

हे ते प्रामाणिकपणे म्हणत होते. इथे वाचकांना एक निरीक्षण सांगतो. ज्याचा मत्सर केला जातो, त्याला तो बहुधा सर्वांत शेवटी कळतो.

संध्याकाळी त्यांचे साडू शहरातल्याच हरणी भागातून सपत्नीक आले. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. यापुढे मी गृहस्थांना थोरले साडू आणि या दुसऱ्यांना धाकटे साडू म्हणतो. धाकटे साडू निवृत्त भूमापक होते. दोघी बहिणी एकमेकींना धरून रडत होत्या. ठाण्यात आलेला नातेवाईक पहिल्यांदा जामिनाचे विचारतो, नाहीतर औषधाचे. धाकट्या साडूंनी तिसरेच विचारले.

“परवा रविवार आहे. लोक फेरीला जमतील. त्यांना परत पाठवणं बरं दिसत नाही. मी घेऊ का फेरी?”

त्यांच्या पत्नीने त्यांच्याकडे पाहिले. “अहो, भावजी आत बसलेत आणि तुम्हाला फेरी सुचते?”

“लोकांचा खोळंबा नको म्हणून म्हटलं.”

त्या क्षणी माझ्या मनात दिवसभर घोळणारा प्रश्न नीट मांडला गेला. खबर देणाऱ्याला घराच्या आतली फळी अचूक माहीत होती, म्हणजे तो त्या घरात ऊठबस असलेला माणूस होता. मग नसलेले दार त्याने का सांगितले? अनोळखी माणूस दाराविषयी चुकला असता, तर फळीविषयीही चुकला असता. आणि बाहेरच्या भिंतीतले दार ओळखीच्या माणसाने पाहिले तरी कुठे?

मी धाकट्या साडूंना म्हणालो, “फेरी घेण्याआधी मलाही दाखवा. मी या शहरात वाढलो, पण हे काही पाहिलेलं नाही. उद्या सकाळी जमेल?”

त्यांचा चेहरा उजळला. “जमेल ने, का नाही जमणार?”

सकाळी आम्ही दोघेच निघालो. मी साध्या कपड्यांत होतो. त्यांनी मला एका मोबाइलच्या दुकानासमोर उभे केले आणि म्हणाले, “ही पायरी चढायची. डाव्या हाताला पिंपं. मालक उजवीकडे, भिंतीला पाठ लावून.” तिथे पायरी नव्हती. पुढे चष्म्याच्या दुकानापाशी ते म्हणाले, “इथे साहेबलोकांची बसायची खोली. दार रस्त्याकडे नाही, बोळाकडे आहे.” बोळाच्या जागी जिना होता. ते ‘होते’ असे कोठेच म्हणत नव्हते. त्यांचे पिठे चालू होते.

चालता चालता त्यांचे मन मोकळे झाले.

“मोजमाप सगळं माझं, साहेब. जुने नकाशे मी लावले, पावलं मी टाकली. तो बोलतो गोड. ग्लास कसा धरत ते करून दाखवतो, लोक हसतात. पेपरवाले आले की फोटो त्याचा.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“साडूला काय बोलणार? मागच्या फेरीत त्याने माझी ओळख करून दिली. म्हणाला, हे आमचे साडू, हे माझी पाण्याची बाटली धरायला येतात. सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली.”

शेवटी आम्ही रावपुऱ्यात, थोरल्या साडूंच्या घराशी आलो. मी मुद्दाम मागे राहिलो. ते पुढच्या दाराकडे वळले नाहीत. थेट मागच्या गल्लीत शिरले आणि गिलावा केलेल्या त्या भिंतीच्या एका भागावर हात ठेवून म्हणाले, “हे दार. अब्रूदार माणसं इथून आत जातात, रस्त्यावर कोणी पाहू नये म्हणून. खाली बघा.”

गटाराच्या कडेला, भिंतीच्या पायाशी एक लांबट दगड होता. आदल्या दिवशी आम्ही सगळे त्याच्यावर उभे राहिलो होतो. तो मधोमध झिजून खोलगट झाला होता.

“असा दगड पायांनीच झिजतो,” ते म्हणाले.

“खरं आहे,” मी म्हणालो. “काका, फोनवरही तुम्ही हेच दार सांगितलं होतं.”

त्यांनी हात भिंतीवरून खाली घेतला.

“फोन तुम्ही उचलला होतात?”

“हो.”

“मला ती भिंत दिसतच नाही, साहेब,” ते म्हणाले. “मी इथे उभा राहिलो की दारच दिसतं.”

पुढचे त्यांनी न विचारता सांगितले. बाटली त्यांच्या स्वतःच्या आरोग्य परवान्यावर, म्हणजे प्रकृतीच्या कारणाने मिळणाऱ्या दारूच्या सरकारी परवान्यावर, घेतलेली होती. गुरुवारी ते थोरल्या साडूंकडे जेवायला गेले असताना सर्वजण पाने मांडण्यात गुंतले होते, तेव्हा त्यांनी ती रांगेमागे ठेवली. एक फेरी आपल्या हाती यावी, एवढेच त्यांना हवे होते.

मी त्यांचा जबाब नोंदवला. थोरल्या साडूंविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल त्याच दुपारी न्यायालयात दिला आणि त्यांची मुक्तता झाली. धाकट्या साडूंवर खोट्या माहितीचा आणि बाटली ठेवल्याचा गुन्हा दाखल करावा लागला. त्यांनी तो कबूल केला. वय आणि आधीचे स्वच्छ आयुष्य पाहून न्यायालयाने त्यांना समज देऊन सोडले.

त्या दुपारी थोरल्या साडूंना सर्व हकीकत मीच सांगितली. ते संतापतील अशी माझी अपेक्षा होती. बाटलीविषयी ऐकताना ते शांत होते. “त्याच्या मनात एवढं असेल असं वाटलं नव्हतं,” एवढेच म्हणाले. मग मी मागच्या दाराचा उल्लेख केला.

“कसलं दार?”

“तुमच्या घराचं. गल्लीकडचं. बुजवलेलं.”

ते खुर्चीतून उठले. आदल्या दिवशी छापा पडला तेव्हाही ते उठले नव्हते.

“माझ्या घराला मागे दार होतं? त्याला कधीपासून माहीत आहे?”

“बऱ्याच वर्षांपासून, असं ते म्हणतात.”

“आणि मला बोलला नाही. माझ्या घरी जेवतो आणि मला बोलला नाही.” ते पुढे म्हणाले, “बाटलीचं मी समजू शकतो, साहेब. हे नाही समजू शकत.”

निवृत्तीनंतर एका रविवारी मी सामान्य श्रोता म्हणून त्यांच्या फेरीला गेलो. धाकटे साडू नव्हते. काकू माझ्या शेजारून चालत होत्या. “बहिणीकडे जाणं बंद झालं,” त्या हळूच म्हणाल्या. “सणालासुद्धा नाही. हे जाऊ देत नाहीत, तेही येऊ देत नाहीत.”

या प्रकरणाने मला शिकवलेली गोष्ट मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना सांगत आलो. माणूस राग लपवू शकतो, भीती लपवू शकतो, सराईत असेल तर खोटेही पचवतो. पण ज्या ज्ञानाचा त्याला अभिमान आहे आणि ज्याचे श्रेय त्याला कोणी दिलेले नाही, ते लपवणे त्याला जमत नाही. तपासात त्याला त्याच विषयावर बोलू द्यावे आणि आपण श्रोता व्हावे. दुसरी गोष्ट मात्र मी वर्गात कधी सांगितली नाही, कारण तिला कायद्यात कलम नाही. मत्सर करणाऱ्याला पकडले म्हणजे मत्सर संपत नाही. तो पुष्कळदा दुसऱ्याच्या घरी राहायला जातो.

फेरी मागच्या गल्लीत आली. थोरल्या साडूंनी झिजलेल्या दगडावर पाय ठेवला, भिंतीवर हात टेकला आणि जमलेल्यांना सांगितले, “इथे एक दार होतं. ते कोणालाच माहीत नव्हतं. मी शोधून काढलं.”

लोकांनी दगडाचे फोटो काढले. काकूंनी माझ्याकडे पाहिले. त्या चोरीची फिर्याद माझ्याकडे कोणी दिलेली नव्हती.