पट्ट्याचा मालक

“उगी राहा! मज ऐकूं द्या!” असे म्हणून तो तर्जनी वर करी आणि खोलीतल्या सगळ्यांना गप्प बसवी. खोलीत बहुतेक वेळा त्याची बायको आणि पंखा एवढेच असत.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. चौघांनी मिळून एखादी वस्तू आणावी, आणि ती ज्याच्या घरी ठेवली त्याने दुसऱ्या दिवसापासून मालक व्हावे. आमच्या कुंभकोणमात ती वस्तू म्हणजे एक रेडिओ होता. रेडिओ कसला, संगणकाला जोडायची एक छोटी पेटी. ती एका वेळी लहरींचा एक पट्टा उचलते, आणि त्या पट्ट्यातले हवे ते स्टेशन ज्याने त्याने आपल्या घरी बसून इंटरनेटवर ऐकायचे. पण कोणी पट्टाच हलवला, की सगळ्यांचेच स्टेशन जाते.

त्याची गच्ची उंच, म्हणून लहरी पकडायची तार तिथे बांधली. मी संगणक दुरुस्त करतो, म्हणून जोडणी मी केली. पट्टा हलवायची सोय त्याच्या हाती राहिली, आणि तो दिवसभर तेच करी. स्वतः ऐके काय? नुसती खरखर. “सैन्याचें गुप्त असावें,” असे गंभीरपणे म्हणे. कोणी तक्रार केली तर उत्तर ठरलेले : “गच्ची कोणाची?”

आमच्या चौघांतल्या, जवळच्याच नाचियार्कोविल गावच्या अक्का निवृत्त शिक्षिका. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर असतो आणि हौशी रेडिओवाला आहे. रविवारी दुपारी तो जहाजावरून देशोदेशीच्या लोकांशी इंग्रजीत बोले आणि शेवटी आमच्या तंजावरी मराठीत म्हणे, “अम्मा, जेवलों. बरा आहें.” पेटी फक्त ऐकायची, म्हणून अक्कांना त्याच्याशी बोलता येत नसे. त्या नुसत्या ऐकत.

एकदा जहाज होते त्या समुद्रात मोठे वादळ झाले आणि जहाजाची खबर थांबली. कंपनीचे लोक फोनवर धड काही सांगेनात. त्या रविवारी मी अक्कांच्या घरीच होतो. मुलाचा आवाज आला. त्याने आपली ओळख सांगितली, “माझा हात,” म्हणाला, आणि पुढे खरखर. पट्टा गेला होता. मी गच्चीच्या मालकाला फोन केला, त्याने उचलला नाही.

आम्ही मिळाली ती बस धरून त्याच्या घरी गेलो. चेन्नईहून जावई आला होता, आणि हा त्याला पट्टा इकडून तिकडे फिरवून दाखवत होता.

“अण्णा, माझा लेक बोलत होता,” अक्का म्हणाल्या.

त्याने मानही वळवली नाही. “लेक आहे तर फोन करील. सरी, बरें, बसा.”

अक्का बसल्या नाहीत. त्याच्या खुर्चीला वळसा घालून त्यांनी पेटी उपटली आणि पदरात गुंडाळली.

“अहो, तार माझ्या गच्चीवर आहे!”

“तार ठेवून घ्या.”

जावयाने खिडकीबाहेर पाहिले. मालकाची बायको आमच्यामागून फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “मुलाचें कळलें की मजही सांगा.”

नवी तार बांधली आणि पेटी माझ्या दुकानाच्या गच्चीवर आली. पट्टा मी कुलूपबंद केला. पुढच्या रविवारी मुलगा बोलला. वादळात हात मोडला होता, बाकी ठीक होता. अक्का पडद्यासमोर हात जोडून रडल्या. ऐकणाऱ्यांच्या यादीत त्या दिवशी एक नवे नाव होते : ‘मालक’. मी त्याला काढून टाकणार होतो. अक्का म्हणाल्या, “असूं दे. ऐकूं दे त्यास.”

संध्याकाळी त्याचा फोन आला. मला वाटले, मुलाचे विचारील. “आवाज फार बारीक येतो. तुमची तार वाईट,” म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर दर रविवारी ते नाव दिसे. अक्कांचे म्हणणे, तो मुलासाठीच येई. मला नाही वाटत. तो पट्टा ओढून पाहायला येई. त्याचा प्रत्येक प्रयत्न मला इकडे दिसत होता.

मग जावई त्या नवराबायकोला चेन्नईला घेऊन गेला, आणि ते नाव दिसेनासे झाले. निघायच्या दिवशी मी त्याला शेवटचे पाहिले. गाडीत तो ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता, आणि गाडी सुरू व्हायच्या आत त्याने तिथल्या रेडिओची कळ पिरगाळायला घेतली. कोपऱ्यावर वळता वळता ड्रायव्हरने रेडिओ बंद करून टाकला.