राणीच्या बगिच्यातली रिकामी जागा

वाशिमच्या आमच्या बगिच्यात झाडांना पाणी रोज मिळेलच असं नाही. किस्से मात्र आपोआप वाढतात. आम्ही सगळे रिटायर. ऐकायला घरी कोणी नसतं, म्हणून सकाळी इथे जमतो.

बगिचा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. मधोमध तिच्या पुतळ्यासाठी चौथरा बांधला. पुतळा आलाच नाही. पुढे तिथे कोणाचा पुतळा बसवावा यावर एकमत झालं नाही. सध्या एक काळं कुत्रं झोपतं. नगरपालिकेच्या नव्या साहेबांनी विचारलं, "ही जागा कोणासाठी?"

पोस्टातून रिटायर झालेले गवई म्हणाले, "याच्यासाठीच. आतापर्यंत कोणाचा विरोध आला नाही!"

गोऱ्या साहेबांचा बँड जिथे वाजायचा, तिथे आता आमचा हास्यक्लब. बापू देशमुख हात वर करायचे, पण हसायचे नाहीत. "जोक सांगा, मंग हासतो. फुकट हासाले मी काय इलेक्शनले उभा हाओ?"

संक्रांतीच्या आधी देशमुख वहिनी वारल्या आणि बापूंनी येणंच सोडलं. निंबाखालच्या बाकावरची त्यांची जागा आम्ही रिकामी ठेवली. एक नवखा गृहस्थ बसायला गेला, तर गवईंनी त्याला उठवलं. "रिझर्वेशन हाय!"

शेवटी आम्ही घरी गेलो. बापूंनी चहा पाजला, वर म्हणाले, "गुडघे दुखून राह्यले."

"मंग चाला की," गवई म्हणाले. "आमचे काय हासून राह्यले?"

बापू तेव्हाही हसले नाहीत. आता हा माणूस काही येत नाही, असं परतताना गवईच म्हणाले.

आमच्याकडे जुना रिवाज आहे. पुरुष चौथऱ्याला उजवीकडून फेरी मारतात, बाया डावीकडून. नवरा-बायको जोडीनं फिरले तर लोक काय म्हणतील! त्यामुळे दर फेरीला जोडपी समोरासमोर येतात आणि ओळख नसल्यासारखी पुढे जातात. बापू-वहिनींनी हे नाटक वर्षानुवर्षं चोख केलं.

परवा सकाळी बापू आले. बाकाकडे पाहिलंही नाही. काठी टेकत थेट बायांच्या बाजूनं चालू लागले. बाया बाजूला झाल्या. आम्ही उजवीकडून येत होतो. समोरासमोर गाठ पडली.

गवईंना राहवलं नाही. "बापू, तुमी इकून काहून चालून राह्यले?"

बापू थांबले नाहीत. "हिले मी इकून कसा दिसत होतो, ते पाहून राह्यलो."