सशांची बाटली

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते. मूळची यवतमाळकडची, इथे आयटीत नोकरीला. तिच्याकडे दोन ससे आहेत, एक पांढरा आणि एक राखाडी. जागा बघायला आली तेव्हा तिने "ससे चालतील का?" असं विचारलं होतं. कुत्रा नको आणि मांजर नको हे आमच्याकडे आधीच ठरलेलं होतं. सशाबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडेना.

गेल्या वर्षी तिच्या भावाचं लग्न निघालं आणि ती खाली आली.

"काका, आठ दिवस यांना ठेवून घ्याल का? काही त्रास नाही देत. फक्त रोज पाणी बदलून द्या लागते आणि वाट्या धुवा लागतात."

"धुण्याचं मला सांगू नकोस," मी म्हणालो.

मी छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. काचेची भांडी कशी धुवावीत, हा माझा वर्षातला पहिला तास असायचा. मुलांच्या मते शेवटचाही तोच असायचा. निवृत्त झालो तेव्हा शाळेतून दोनच वस्तू घरी आणल्या, निरोपाचा नारळ आणि परीक्षानळी धुवायचा माझा ब्रश. नारळाची बर्फी झाली. ब्रश होता.

मुलगी गेली त्याच सकाळी मी गॅलरीत पिंजऱ्याची तपासणी केली. खायच्या दोन प्लॅस्टिकच्या वाट्या ठीक होत्या. पाण्याची बाटली मात्र उजेडात धरली तर आतून हिरवट दिसत होती. ही बाटली पिंजऱ्याच्या गजांना उलटी अडकवतात. तिच्या तोंडाला स्टीलची नळी असते आणि नळीच्या टोकाशी एक छर्रा. सशाने जिभेने छर्रा हलवला की पाण्याचा थेंब येतो. रचना मला आवडली. शेवाळ आवडलं नाही.

"हे बघ," मी बायकोला म्हणालो.

ती मेथी निवडत होती. "मग धुवा. मला दाखवून जाणार आहे का ते?"

मी आधी सोड्याने धुतली, मग ब्रशने. तरीही तळाशी एक हिरवी कड राहिली, म्हणून आधण आणलेलं पाणी तिच्यात ओतलं. बाटलीने एकदा चर्र असा आवाज केला आणि ती कमरेत वाकली. नंतर ती सरळ झालीच नाही.

बायकोने येऊन पाहिलं. "प्लॅस्टिक किती तापवावं, हे तुमच्या अभ्यासक्रमात नव्हतं का?"

"वरच्या वर्गाला होतं," मी म्हणालो.

स्कूटर काढून पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार पेपर वाचत होता. सशांसाठी पाण्याची बाटली मागितली तेव्हा त्याने न उठता, मागे न बघता, हात मागे नेऊन फळीवरून एक बाटली काढली.

"ही वापरायची कशी?" मी विचारलं.

"ससा वापरतो. तुम्ही फक्त अडकवायची."

बाटली जाड काचेची आणि देखणी होती. कोरी असल्यामुळे नुसती विसळली, भरली आणि अडकवली. पाण्याच्या पातळीवर पेनाने एक रेघ मारून ठेवली, म्हणजे किती प्यायले ते कळेल.

संध्याकाळी पाणी रेघेवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही रेघेवरच. पांढऱ्याने बाटलीकडे पाठ केली होती. राखाडी मधूनच नळीशी यायचा, दोनदा जीभ लावायचा, माझ्याकडे बघायचा आणि निघून जायचा. शाळेत मागच्या बाकावर असे विद्यार्थी मी खूप पाहिले होते. उपकरण समोर असतं, पण करून बघायची चिकाटी नसते.

दुपारपर्यंत मात्र मला काळजी वाटायला लागली. दोघे चांगले टुणटुणीत दिसत होते, पण पाण्याशिवाय किती वेळ दिसणार? शेवटी मुलीला फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"काका, पाणी पिऊन राहिले ना दोघं?"

वाकलेल्या बाटलीचा विषय मी काढला नाही. "समजा," मी म्हणालो, "एखादा ससा बाटलीतून पीत नसेल, तर काय करायचं?"

"त्याले दाखवा लागते, काका. मी पण पहिल्यांदा दाखवलंच होतं."

"दाखवायचं म्हणजे नेमकं कसं?"

यावर ती काहीतरी म्हणाली, पण बँडवाल्यांनी त्याच वेळी नवं गाणं धरलं आणि फोन बंद झाला.

मी विचार केला. दाखवायचं म्हणजे करून दाखवायचं. आयुष्यभर मी तेच केलं होतं. गॅलरीत सतरंजी टाकली, पिंजऱ्याचं दार उघडलं, कुशीवर आडवा झालो आणि डोकं आत घातलं. दोघे कोपऱ्यात सरकून बसले. "इकडे लक्ष द्या," मी म्हणालो आणि नळीला जीभ लावली.

आमच्या गॅलरीसमोर आठ-दहा फुटांवर शेजारच्या इमारतीची गॅलरी आहे. तिथे एक बाई राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या कपडे काढायला आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे.

"सर, तुमच्याकडे आज पाणी आलं नाही का?"

मी जीभ आत घेतली. "आलंय."

"नाही, भांडी नसतील तर पेला देते."

"सशांना शिकवतोय," मी म्हणालो.

"बरं," असं म्हणून त्यांनी चादरीची शांतपणे घडी घातली आणि आत गेल्या. पाच मिनिटांनी त्यांचे यजमानही सहज म्हणून बाहेर येऊन गेले.

पण तोवर मला वेगळाच प्रश्न पडला होता. नळीतून पाणी येतच नव्हतं. छर्रा जिभेने हलवला, बोटाने हलवला, चक्क ओढून पाहिलं, तरी थेंब नाही. उठून बाटली काढली आणि झाकण फिरवलं. झाकणाच्या आत, नळीच्या तोंडावर, एक पारदर्शक चकती घट्ट बसवलेली होती. नळीत कचरा जाऊ नये म्हणून कारखान्यातून लावत असावेत. वापरण्यापूर्वी ती काढायची, हे कुणालाही कळलं असतं. फक्त पाणी भरताना झाकणाच्या आत बघायला हवं होतं.

मी चकती काढून हातात घेतली आणि खाली बसलो. उपकरण वापरण्याआधी तपासा, असं मी किती वर्षं मुलांना बजावत होतो. राखाडी मला दोन दिवस हेच सांगत होता आणि मी त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं.

बाटली परत लावली. राखाडी आला, जीभ लावली, छर्रा टकटक वाजला आणि पाण्यात एक बुडबुडा वर गेला. मग पांढरा त्याला ढकलून पुढे आला.

बायको चहा घेऊन बाहेर आली. मी चकती दाखवली. "दोन दिवस बिचारे तहानलेले होते," मी म्हणालो.

"नव्हते."

"म्हणजे?"

"तुम्ही आंघोळीला गेलात, दुपारी आडवे झालात, की मी चटणीच्या खलात पाणी ठेवत होते. दगडाचा आहे, त्यांना उलटवता येत नाही. चांगले पोटभर पीत होते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रेघ मारली होती. म्हटलं प्रयोग चाललाय, मध्ये बोलू नये."

मुलगी आठव्या दिवशी लाडू घेऊन परत आली. मी वाकलेली बाटली तिच्यासमोर ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं, जिभेचा भाग वगळून. तो भाग तिला समोरच्या बाईंनी फाटकाशीच सांगितला होता.

"काका, मी छर्रा बोटानं हलवून दाखवायचं म्हणत होती," ती म्हणाली आणि हसू आवरायला ओढणी तोंडावर धरली.

त्या रात्रीपासून पांढऱ्याने वरच्या घरी नवाच हट्ट धरला. प्लॅस्टिकच्या वाटीत काही घातलं की तो ती दातांनी उचलून फेकायचा. तीन दिवसांनी मुलगी खाली आली आणि थोडी घुटमळली. बायकोला कळलं. जो खल तिने सख्ख्या बहिणीला आठ दिवसांसाठीसुद्धा दिला नव्हता, तो फडक्याने पुसून मुलीच्या हातात ठेवला. आता शेंगदाण्याची चटणी मिक्सरमधली असते. चव तशी येत नाही, पण तक्रार कुणाकडे करायची म्हणून मी गप्प बसून खातो.