जपून ठेवलेले गमबूट

त्या स्टोअरबाबूवरचा माझा राग अजून गेलेला नाही. भांडकुदळ म्हणून माझी ख्याती आहेच, पण हा राग त्यातला नाही.

कोराडीचं वीजघर नवंनवं सुरू झालं, त्या सुमाराची गोष्ट. सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या कचेरीत मी सफाईच्या बायकांची मुकादम होते. झाडू मारतामारताच मुकादम झाले, कोणी हात धरून बसवलं नव्हतं. त्याआधी संत्र्यांच्या टोपल्या विकल्या होत्या, त्यामुळे सौद्यात मागे हटायची सवय नव्हती.

दर शनिवारी आम्ही कचेरीचे संडास अ‍ॅसिडनं घासायचो. काचेच्या मोठ्या बाटल्यातून अ‍ॅसिड डब्यात ओतायचं, भांड्यांवर टाकायचं, खराट्यानं घासायचं आणि वरून पाणी मारायचं. सगळ्याजणी अनवाणी. पायांची सालं निघायची, रविवारी खोबरेल तेल लावायचं आणि सोमवारी पुन्हा कामावर. आमच्यातली सर्वांत जुनी होती मावशी. नात्यातली नव्हे, पण मला हे काम तिनंच शिकवलं. तिच्या बोटांमधल्या भेगा कधी भरून आलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्या पाहूनच मी स्टोअरबाबूकडे गमबूट मागायला गेले.

"झाडूवाल्यांना बूट?" तो हसला. "मग उद्या टाय मागाल."

"टाय तुम्हीच घाला साहेब. आमाले पाय वाचवाचे आहेत."

त्याला राग आला. मलाही आला. रोज जाऊन त्याच्या दारात उभी राहू लागले, तेव्हा कुठे तो कंटाळून म्हणाला, "देतो. पण दोन पावसाळे नवा जोड मागायचा नाही. खराब झाले तर तुमचं तुम्ही पाहा."

"मंजूर," मी म्हटलं. रबराला काय होतंय दोन वर्षांत! सौदा जिंकल्याच्या तोऱ्यातच मी बूट वाटले आणि अटही सांगितली.

मावशीनं बूट छातीशी धरले. तिच्या पायात कोरं पायताण क्वचितच पडलं असेल. दुसऱ्या दिवसापासून ती बूट घालून आवार झाडू लागली.

"कशी चालून राहिली वं मावशी, ठाणेदारावानी!" बायका चिडवायच्या.

"मंग? सलाम ठोका!" ती म्हणायची.

पण शनिवारी अ‍ॅसिड काढायच्या आधी ती बूट उतरवायची, पुसायची, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवायची. अ‍ॅसिडनं ते खराब होतील म्हणून. तिचं पाहून आणखी दोघी तसंच करू लागल्या होत्या. मी शनिवारी वरच्या मजल्यावर असायचे, मला पत्ता नव्हता.

एका शनिवारी तिच्या हातून बाटला सुटला. किंचाळी ऐकून मी धावत खाली आले, तेव्हा बायका तिच्या पायावर बादलीनं पाणी ओतत होत्या. पायाची कातडी पांढरी पडली होती.

"बूट कुठी आहे?" मी ओरडले.

तिनं कोनाड्याकडे बोट केलं. "उडलं असतं ना वं त्याच्यावर," ती कण्हत म्हणाली.

सरकारी दवाखान्यात पट्टी झाली. जखम मोठी होती, आणि आम्ही सगळ्या रोजंदारीच्या. जास्त दिवस घरी बसली की नाव कटलं. पाय बरा होईस्तोवर तिची जागा राखावी, म्हणून मी पुन्हा बाबूच्या दारात गेले; आमच्या हजेरीचं बुकही त्याच्याकडेच असायचं. तो म्हणाला, बाईला घेऊन ये, विचारपूस करतो. मी मावशीला पढवलं, "त्यानं विचारलं तर म्हणजो, बूट फाटले होते. एवढंच."

ती माझ्या खांद्याचा आधार घेत आली. काखेत गाठोडं होतं.

"बूट दिले होते ना?" बाबूनं विचारलं.

तिनं त्याच्या टेबलावर गाठोडं सोडलं. "हे पाहा साहेब. एक डाग नाई लागू देल्ला."

बूट कोऱ्यासारखे चमकत होते. बाबूनं एक बूट उचलून उलटापालटा करून पाहिला. मग त्याचा चेहरा सैल पडला. "म्हणजे होते, पण घातले नाहीत. यात कचेरी काय करणार?"

"अट कोणं घातली होती?" मी टेबलावर हात आपटला.

"आणि मंजूर कोण म्हणालं होतं?"

बाहेर येऊन मी मावशीवरच तुटून पडले. "काहून आणले वं ते बूट? काय शिकवलं होतं मी तुले?"

ती गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. "मले वाटलं, खुश होईन तो. तुयाही शब्द राहीन."

तिचं नाव कटलं. ती लेकीकडे कोराडीला निघाली, तेव्हा मी पोचवायला गेले. बस खचाखच भरलेली. कंडक्टरशी भांडून मी एका धडधाकट माणसाला उठवलं आणि तिला खिडकीशी बसवलं.

"त्या दोघीले बूट घालाले लावजो," ती खिडकीतून म्हणाली. "खराब झाले तर होऊ दे."

पुढच्या शनिवारपासून मी वरचा मजला सोडून खालीच उभी राहू लागले. दुसरा पावसाळा लागायच्या आत सगळ्यांचे बूट चिरले. मी ते चिरलेले जोड बाबूच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि भांडायला तोंड उघडणार, तोच त्यानं शिपायाला हाक मारून नवे जोड काढायला सांगितलं. अट नाही, शब्द नाही. म्हणजे अटीवाचूनही ते देता येत होते.