गुणो मेस्ताचे पाटे

गुणो मेस्त, आमचा गाड्यांचा मिस्त्री, गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाळी गावात एका टायरवाल्याशी भाव करत होतो. भाव तसाच सोडून मुळगावला त्याच्या घरी गेलो. त्याला आता महिना होऊन गेला. पण हे मी दुःखापेक्षा रागानं लिहितोय. शोकसभेला आमचे जुने भाटकार, म्हणजे गावचे जमीनदार, बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, 'आमच्या घराण्याच्या स्पोर्ट्स कारच्या कामात गुणोनं थोडीफार मदत केली होती.' थोडीफार! ती गाडी गेली कित्येक वर्षं माझी आहे आणि तिचा मागचा भाग उभा आहे तो एकट्या गुणोच्या हातांवर. मी तिथंच उठणार होतो. गुणोच्या बायकोनं नजरेनं खाली बसवलं...

गोव्याला राज्याचा दर्जा मिळायच्या थोडं आधीचे दिवस. मी खाणीवर क्लीनर म्हणून लागलो होतो आणि तोवर स्वतःचे दोन ट्रक केले होते. भाटकारांची ती दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती गाडी एकदा आमोण्याच्या रस्त्यावर मागून बसली. मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे, ज्यांच्यावर गाडी हिंदकळते, ते दोन्हीकडचे तुटले होते. भाटकारांनी ती विकायला काढली आणि मी चांगली घासाघीस करून घेतली. व्यवहार झाल्यावर ते हसून म्हणाले, "बाबल, हिला मुंबईचा माणूस लागतो. तुमच्या ट्रकवाल्यांचं काम नव्हे ते." मी सांगून आलो, जत्रेला हीच गाडी तुमच्या फाटकावरून नेईन.

मुंबईहून पाटे मागवायचे, तर भाषेचं आंदोलन पेटलेलं, रस्त्यांवर झाडं आडवी. गुणो म्हणाला, कशाला मागवतोस, मी करतो. तो खाणीवरच्या गाड्यांचे पाटे बांधायचा. गडी बडबड्या, बढाईखोर, आपल्यासारखा मेस्त डिचोलीत दुसरा नाही असं रोज दोनदा तरी सांगणारा. त्यात तो कट्टर कोंकणीवाला आणि मी मराठीवाला. तो गाडीखाली उताणा, मी वर स्टुलावर, आणि आमचं भांडण चाललेलं. एकदा मी फारच तापलो तेव्हा खालून आवाज आला, "तुजी मराठी वयर बसल्या, म्हजी कोंकणी सकयल काम करता." मी म्हटलं, कुठल्याही भाषेत कर, पण नट नीट आवळ.

खाणीवरच्या जुन्या जीपचे पाटे त्यानं आणले, कापले, ऐरणीवर ठोकून त्यांना बाक दिला आणि बसवले. गाडी जॅकवरून उतरली आणि मागून अशी उचलली गेली, की नांगी वर केलेला विंचू. हाताला सवय खनिजानं भरलेल्या गाड्यांची, त्यानं बाक त्याच हिशेबानं दिला होता. चुकलो म्हणेल तर तो गुणो कसला. खाणीवर नवे पाटे बसले की गाडी खनिजानं भरून रात्रभर उभी ठेवतात, पाटे दबून जागेवर येतात. त्यानं माझ्या त्या नाजूक गाडीत खनिजाची पोती रचली. लाल धूळ सीटच्या शिवणीत शिरली ती अजून निघालेली नाही. सकाळी पोती काढली, विंचू तसाच. मी शिव्या घातल्या, त्यानं दुप्पट घातल्या. मग मुकाट्यानं पाट्यातली एकेक पट्टी कमी करत, बाक उतरवत बसला. जत्रेच्या दिवशी मी भाटकारांच्या फाटकाशी हॉर्न धरूनच ठेवला. शेजारी गुणो, अंगात लग्नातला शर्ट.

परवा भाटकार आले, सोबत पणजीचा एक जाणकार. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत त्यांना ही गाडी हवी आहे. जाणकार गुडघ्यावर बसून मागं बघत राहिला. म्हणाला, गाडी डावीकडे कलते आहे, पाटे अस्सल नाहीत, कामही ओबडधोबड आहे. अस्सल पाटे आम्ही विलायतेहून आणून बसवू, पुढच्या पाटीवर घराण्याचं नाव घालू.

मी दार उघडून आत बसलो. गाडी उजवीकडे दबली आणि सरळ झाली. "आता बघा," म्हटलं. माझी बायको वाऱ्यानं केस विस्कटतात म्हणून कधी बसत नाही, मी एकटाच चालवतो, हे गुणोला ठाऊक. म्हणून उजव्या पाट्याला त्यानं बाक जास्त दिलेला. पुढे माझं पोट सुटलं तसा त्यानं तो पाटा दोनदा उतरवून पुन्हा ठोकला. शेवटच्या खेपेला त्याला खाली बसवत नव्हतं. काठी टेकून उभ्यानं, गाडीखाली शिरलेल्या थोरल्या मुलाला दटावत होता आणि मला म्हणत होता, "बस रे भितर, वजन दाखय."

भाटकारांना सांगितलं, न्यायची तर याच पाट्यांवर न्या, पाटीवर गुणो मेस्त, मुळगाव असं लिहा, आणि चालवणार मी. यात एक अक्षर कमी होणार नाही. विचार करतो म्हणाले. करा म्हटलं.

डॉक्टर मला वजन कमी करा म्हणून मागं लागलाय. करणार नाही. तो पाटा आता पुन्हा उतरवणार कोण...